एकाच उंचीवरची दोन विमानं

माझे साडूभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पृथ्वीवर फक्त जेवायला आणि झोपायला उतरायचे. बाकी माणूस सगळा वरच असायचा. वायुदलाच्या एका तळावर पोरं-पोरी विमान शिकतात. तिथल्या टॉवरमध्ये बसून हे त्यांना रस्ता सांगत. सुटीत वाडीला आमच्या घरी आले की विमानं नसायची, मग आम्हाला सांगायचे. त्यांच्या धंद्यात ऐकणाऱ्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं असतं. घरातही तोच कायदा. "पाणी आणा" म्हटल्यावर "पाणी आणतो" असं म्हटल्याशिवाय जागचं हलायची सोय नाही. एकदा सावजीच्या खानावळीत त्यांनी रस्सा कमी तिखट सांगितला आणि वाढप्याकडून ते तीनदा वदवून घेतलं. त्या पठ्ठ्याने तीनदा म्हटलं आणि नेहमीचाच आणून आदळला. साडूभाऊ नाक पुसत जेवले, पण आपलं सांगणं बिनचूक झालं याचं समाधान काही लपत नव्हतं.

उमरेडच्या लग्नात तर कहरच केला. एकाच चौकात दोन बाजूंनी दोन वराती आल्या, दोन्हीकडचे मामे बाह्या सरसावून तयार. साडूभाऊ मधोमध उभे राहिले, एकीला पुढे सोडलं आणि दुसरीला मारुतीच्या देवळाभोवती घिरट्या घालायला लावलं. नवरदेवाने घोड्यावरून पाच चकरा मारल्या. घोडा दमला, बँडवाले खूश, मुहूर्त केव्हाच टळून गेला. आम्ही पोट धरधरून हसलो. उशीर झाला तरी टक्कर नाही झाली, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि अशा माणसाच्या हातून मागच्या वर्षी चूक झाली. एक शिकाऊ विमान ज्या उंचीवर घिरट्या घालत होतं, नेमकं त्याच उंचीवर त्यांनी दुसऱ्याला उतरायला सांगितलं. दुसऱ्यात एक शिकाऊ पोरगी एकटीच होती. समोर विमान दिसताच तिने आपलं वळवलं, म्हणून दोघं वाचली. मग चौकशी बसली. बोलणं टिपून ठेवणारं यंत्र त्या दिवशी बंद. त्याच्या दुरुस्तीची फाइल सहा टेबलं फिरून सातव्यावर निवांत पडलेली. घाबरलेल्या पोरीने लिहून दिलं, की उंची ऐकण्यात आपलीच चूक झाली असेल. समितीला कोण आनंद! खालच्याची चूक सापडली की वरच्यांची जेवणं वेळेवर होतात. साडूभाऊंनी नुसतं गप्प बसायचं होतं. पोरीचं उडणं कायमचं बंद झालं असतं, यांची खुर्ची शाबूत राहिली असती.

साक्षीच्या आधी ते दोन दिवस वाडीला आले. धड जेवले नाहीत, कुणाला काही परत म्हणायलाही लावलं नाही. मी सरकारी कचेरीत बावीस वर्षं मुरलेला माणूस. मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "तिनंच लिहून देलं ना भाऊ, मंग तुमी काहून मधात पडून राहिले?"

ते चिडले नाहीत. माझ्याकडे पाहत म्हणाले, "हे परत म्हणा बरं."

मला म्हणता येईना.

"तिनं उंची परत म्हणून दाखवली होती, जशी मी सांगितली तशीच," ते म्हणाले. "माही चूक मलेच ऐकू आली नाही."

त्यांनी समितीपुढे सगळं सांगून टाकलं. समितीने प्रामाणिकपणाचं लेखी कौतुक केलं आणि त्यांना टॉवरवरून उचलून फर्निचरच्या खात्यात बसवलं. हल्ली ते खुर्च्यांवर नंबर टाकतात.

दिवाळीत आले तेव्हा मी भीत भीतच त्या पोरीचं विचारलं.

"तिचं चुकलं नव्हतं, हे मी सोता जाऊन सांगितलं तिले," ते म्हणाले. "आता उडून राहिली मजेत."

खरं सांगतो, मला लाज वाटली. माझ्या कचेरीत "तुमचं चुकलं नव्हतं" एवढंसं वाक्य ऐकायला थांबलेली दोन माणसं तरी होती, आणि ते मीच सांगायला हवं होतं. त्यातला एक वारला. दुसऱ्याचा पत्ता माझ्याजवळ नाही.