तेलाच्या बाटलीला टेकून पाहिलेली इटली

मंडळी, आज मी इटली पाहिली. अबूधाबी शहरापासून लांब, रुवैसच्या प्लांटवरच्या साइट ऑफिसात बसून.

तिथल्या डोंगरावरच्या एका जुन्या दगडी गावाला आम्ही तिघं जाणार होतो. प्लांटचं दुरुस्तीसाठीचं शटडाऊन लांबलं आणि माझी रजा खलास. बायको आणि लेक गेल्या. मीच म्हणालो होतो, जा.

दुपारी व्हिडिओ कॉल आला. "बाबा, लुक! सो ओल्ड!" म्हणत ईरा चढणीच्या गल्लीतून पळत होती. मला तिचा अंगठा दिसला आणि थोडं आभाळ. मग दोघी जेवायला बसल्या आणि सवयीने मला तेलाच्या बाटलीला टेकवलं. मी आठवडाभर रुवैसला असतो, त्यामुळे अबूधाबीच्या घरी रोज रात्री जेवताना असाच लोणच्याच्या बरणीला टेकलेला असतो.

समोर भिंत. शेकडो वर्षांची असेल, पण शेवटी भिंतच! बाजूला दरी आहे, हे दोघींच्या "अहाहा"वरून कळत होतं. मला मान वळवता येईना. "अगं, जरा फिरव ना मला!" मी ओरडलो. तिकडे चर्चच्या घंटा सुरू झालेल्या. इकडे अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं.

शेवटी वेटरने ताटली ठेवायला मला उचललं. क्षणभर हिरवीगार दरी दिसली, खाली कौलारू घरं. मग त्याने मला पालथं ठेवलं.

अंधारात ईराचा आवाज आला, "व्हेअर इज बाबा?"

"असतील इथेच कुठेतरी. तू जेव."

रुवैसवाले, दुबईकडचे जबल अलीवाले, खरं सांगा. तुमच्या घरी तुम्हाला कशाला टेकवून ठेवतात?