माय मागून चालायची

आमच्या साक्रीत तेव्हा कुठंही जायचं म्हणजे पायीच. बाजार, शाळा, लग्न, मयत, सगळं दोन पायांवर. टांगा करू म्हटलं की आबा, म्हणजे माझे वडील, विचारायचे, "का, पाय काय खुंटीला टांगलेत?"

नवरा-बायको निघाले की नवरा पुढे, बायको मागे. बरोबरीनं चाललं तर गाव हसायचं. आबा तरातरा चालायचे, मागे वळून बघणं त्यांना ठाऊकच नव्हतं. माय डोक्यावरचा पदर सावरत मागून यायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि चारचौघांत त्याला हाक तर मुळीच मारायची नाही. आग लागो असल्या रीतीला!

मी नववीत होते. वैशाखात मायच्या छातीत कळा यायला लागल्या. तिनं त्या अंगावर काढल्या. शेवटी आबा म्हणाले, "चल, दवाखान्यात जाऊन येऊ." नेमका बाजाराचा दिवस, मिरच्यांचे ढीग, बैलगाड्या, मुंगीला शिरायला जागा नाही. आबा पुढे, माय मागे. मी धाकट्या भावाजवळ घरी थांबले.

दवाखान्यात आबांनी नंबर लावला. डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट कुठंय?" आबा म्हणाले, "ही काय," आणि वळले. मागे कुणीच नव्हतं.

आबांना पळताना लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माय बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर भिंतीला टेकून बसली होती. कासारीण तिला पाणी पाजत होती. कुणाच्या तरी हातगाडीवर घालून तिला नेलं, पण दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत ती गेली होती.

दिवस झाल्यावर कासारीण घरी आली. म्हणाली, "ती बसली तेव्हा तिचा माणूस पुढंच कुणाशी तरी बोलत उभा होता म्हणे. मी म्हटलं, अगं, मार की हाक! तर म्हणते, 'भर बजारमा त्यासले हाक कशी मारू वं?' मग मी विचारलं, यातला कोणता तुझा माणूस? लाजत लाजत ती बोट दाखवेपर्यंत तो गर्दीत दिसेनासा झाला."

आबा ऐकत होते. टोपी तोंडावर धरून ते पोरासारखे रडले. मला त्यांची दया नाही आली. राग आला, आणि तो कितीतरी वर्षं गेला नाही.

माझ्या पाठवणीच्या वेळी मावश्या-आत्या सांगत होत्या, खाली मान घालून राहा, उलट बोलू नको. आबांनी मला बाजूला घेतलं. "नवऱ्याला हाक मारत जा. भर बाजारात, मोठ्यानं. लोक हसले तर हसू दे."

"मायला का नाही सांगितलं हे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"सांगितलं असतं तरी तिनं मारली नसती," आबा म्हणाले. "मीच मागे बघायला पाहिजे होतं, बाई."