राजूरचा बिल्लेवाला

राजूरच्या गणपतीसमोर चपला सांभाळणारा तो माणूस मला एकदाच भेटला, पण आठवला की अजून चिडायला होतं. कुणाच्या तोंडाकडे बघायचा नाही, फक्त पायांकडे. चपला कप्प्यात ठेवायचा आणि हातावर पितळी बिल्ला टेकवायचा.

चतुर्थीची गर्दी होती. दर्शन उरकून मी त्याच्या स्टँडला टेकून फोनवर वैतागत होतो. आमची ऊस नोंदणीची वेबसाइट सकाळपासून अडकली होती; प्रत्येक नोंदीला डेटाबेसचं एक कनेक्शन लागायचं आणि ती सगळी गुंतून पडली होती.

"डेटाबेसची कनेक्शनं वाढव," मी ऑफिसातल्या सहकारी मुलीला तिसऱ्यांदा सांगितलं.

"शंभर केली सर. तीही भरली."

इकडे बिल्ले संपले म्हणून लोक चपला हातात धरून ताटकळलेले.

"बिल्ले वाढवा की," मी त्याच्यावरही खेकसलो.

"वाढवून काय करू?" माझ्या अनवाणी पायांकडे बघत तो म्हणाला. "दर्शन झालं तरी लोक बिल्ला मुठीत धरून बोलत उभे राह्यले. मंग कप्पा रिकामा कसा व्हईल?"

मी मूठ उघडून माझा बिल्ला त्याच्या हातावर ठेवला. चपला घालून पुन्हा फोन लावला.

"काम झाल्यावर आपण कनेक्शन सोडतो का, बघ जरा."

पलीकडून तिच्या कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"न्हाई सर, कुठंच सोडलेलं न्हाई. हा कोड तुम्हीच लिहिलाय."