आक्काच्या तळपायाचा फोटो

जळकोटात हायवेला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या पोरींचे फोटो म्हणजे निम्मं काम कॅमेऱ्याचं आणि निम्मं कम्प्युटरचं. पोरीच्या आधी तिची आईच सांगते, "भाऊ, जरा उजळ करा बरं का, आन् तो हनुवटीवरचा तीळ काढून टाका." मी काढतो. इतकी वर्षं काढतोय की हात आपोआप चालतो. कुणी त्यावरून नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. लोकांनाच तसं पाहिजे असतं, मी काय करू?

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. नवरा वारल्यावर ती गावात परत आली आणि आमच्या रानातलं दोन एकर स्वतः बघू लागली. रानात पाय ठेवायच्या आधी चप्पल बांधावर काढायची, मग खाली ढेकळं असोत की काटे.

तिच्या डाव्या टाचेवर काळा डाग होता. तिथं बाभळीचा काटा मोडला म्हणून तिनं बिब्ब्याचा चटका दिलेला, आणि बिब्ब्याचा डाग काळाच राहतो. त्यामुळं वर्षभर कुणी तिकडं बघितलं नाही. एकदा पाय पसरून शेंगा फोडत बसली होती तेव्हा माझं लक्ष गेलं. डाग रुपयाएवढा झाला होता आणि एका अंगानं पसरत चालला होता.

सोलापूरच्या एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंच्या घरच्या लग्नाचे फोटो मी काढले होते. त्यांना फोन केला. म्हणाल्या, "चांगल्या उजेडात एक स्पष्ट फोटो काढून पाठवा, बघते." मी अंगणात आक्काचा पाय धुतला, पुसला, पाटावर ठेवला. ती हसायला लागली. "एवढा नटवायलास, माझं लगीन जमवतोस का काय?"

कम्प्युटरवर ती टाच मोठी दिसली. नुसत्या भेगा, आणि धुऊनसुद्धा भेगांत माती. असला पाय डॉक्टरीणबाईंना कसा दाखवायचा? हात चालू झाला. भेगा बुजवल्या, कातडी एकसारखी केली. डागाची एक कड निळसर होती, दुसरीकडं लालसर, मधेच पांढरट. मला वाटलं कॅमेऱ्यानंच रंग चुकवलेत. सगळा डाग एकसारखा तपकिरी करून टाकला. पाच मिनिटांचं काम.

फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "एकाच रंगाचा दिसतोय, फार काळजीचं वाटत नाही. तरी एकदा पाय दाखवून जा." जीव भांड्यात पडला. जाऊ की सवडीनं, म्हणालो. मग सोयाबीन आलं, ज्वारीची पेरणी आली, दिवाळी झाली. संक्रांतीच्या सुमारास डागातून रक्त यायला लागलं आणि तिच्या जांघेत गाठ लागली.

मग तिला सोलापूरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी भिंगासारखं एक यंत्र टाचेला लावून फोटो घेतला. मग आक्काला बाहेर बाकावर बसवलं आणि मला पडद्यावर एकेक रंग दाखवला. काळा, तपकिरी, निळा-राखाडी, लाल, पांढरा. "साधा तीळ बहुतेक वेळा एक-दोन रंगांचा असतो. एका डागात इतके रंग दिसले की आम्ही वाट बघत नाही, तुकडा तपासायला पाठवतो." मग त्यांनी मी पाठवलेला फोटो मोबाइलमध्ये काढून शेजारी धरला. "हा याच पायाचा आहे का?"

"मी जरा साफ केला होता," म्हणालो.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मला ते रंगच बघायचे होते हो," एवढंच म्हणाल्या.

तपासणीत मेलॅनोमा निघाला. कातडीचा कॅन्सर, गाठीत उतरलेला. तेव्हाच आणलं असतं तर वाचली असती का, मी विचारलं. "खात्रीनं सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण तेव्हा आला असतात तर बरं झालं असतं." टाचेचं ऑपरेशन झालं, गाठ काढली, औषधं झाली. रोग पुढंच जात राहिला.

घरी तिच्या पायाची पट्टी मीच बदलायचो. एका दुपारी राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. रंग, भेगा, पाच मिनिटं, सगळं. वाटलं शिव्या देईल. ती रंगांचं काहीच बोलली नाही. पट्टीकडं बघत तिनं विचारलं, "माझ्या पायाची लाज वाटली व्हय रे तुला?"

"न्हाय गं आक्का, हाताला सवय हाय ती."

"बरं," म्हणाली, आणि पाय पांघरुणात ओढून घेतला.

लाज वाटली होती. तेवढं कबूल करायला जीभ उचलली नाही, आणि तिला ते कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून पट्टी बदलायला ती माझ्या बायकोला हाक मारायची. उन्हाळा सरायच्या आत आक्का गेली. तोवर तिनं मला पुन्हा पायाला हात लावू दिला नाही.