नाल्याच्या तोंडाशी भरलेली बाटली
सोसायटीची टाकी धुतली की ब्लीचिंग पावडरचा उग्र वास जिन्यात भरतो आणि मला तुर्भ्याच्या पलीकडच्या गावातलं ते तळं आठवतं. ऐंशीनंतरची वर्षं, चहूकडे नव्या इमारती उठत होत्या आणि गावाच्या तळ्यात लोकांच्या करमणुकीसाठी बोटी सोडायचं ठरलं होतं. मी प्रयोगशाळेत पाणी तपासायची. नमुना घ्यायला गेले, तर आमच्या साहेबांनी सकाळीच पावडर टाकून घेतलेली. बोटींच्या धक्क्याजवळचं पाणी दुधाळ झालं होतं. "इथलंच घ्या," साहेब म्हणाले. त्या पाण्यात जंतू सापडणारच नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होतं. काठावर गावातली एक म्हातारी उभी होती. ती म्हणाली, "बाय, आमी यात तांदूल धुवायचो. आता म्हशी पन तोंड लावत नाय. तिकडं बघ, बिल्डिंगचा नाला हाय." मी साडी खोचली, चिखल तुडवत नाल्याच्या तोंडाशी गेले आणि बाटली तिथे भरली. तपासणीत मैल्यातले जंतू निघाले. साहेबांनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली. "नाला खोडा, धक्का लिहा. आणि जंतू नाहीत म्हणून लिहा." मी पेन त्यांच्यासमोर ठेवलं. "खोटं लिहायचं तर तुमच्या अक्षरात लिहा." ते पेन त्यांनी उचललं नाही आणि त्या उन्हाळ्यात बोटी काठावर पालथ्याच पडून राहिल्या. काल सोसायटीचे सेक्रेटरी कागद घेऊन आले. टाकी स्वच्छ आहे, एवढ्यावर माझी सही त्यांना हवी होती. मी म्हटलं, आधी झाकण उघडा.