आई 'गिंग' म्हणाले मी

आई गेली आणि मी ते जर्मनमध्ये चुकीचं सांगितलं.

मागच्या वर्षी, आजच्याच दिवशी. इथे जर्मनीतल्या वृद्धाश्रमात माझी सकाळची ड्युटी होती. कुरखेड्याहून भावाचा फोन आला.

"ताई, माय गेली."

हेड नर्सने विचारलं, काय झालं?

मी म्हणाले, "माइने मुटर गिंग." माझी आई गेली.

तिने काळजीने विचारलं, "कुठे गेली?"

मराठीत असं कोणी विचारत नाही हो.

जर्मनीला येण्याआधी जर्मन क्रियापदांच्या भूतकाळाचा चार्ट आईनेच माझ्याकडून पाठ करून घेतला होता. चौथी शिकलेली बाई. धानाच्या रोवणीवरून यायची, हातपाय धुवायची आणि मी देवनागरीत लिहिलेला कागद घेऊन बसायची.

"गेहेन?"

"गिंग."

"कोमन?"

"काम."

"आला म्हंजे काम? बराबर हाये. आपल्या इथी बी पावना आला का कामच."

साध्या क्रियापदांना मागे 'टे' लावलं की भूतकाळ झाला. पण गेहेन, कोमनसारख्या स्ट्राँग क्रियापदांना शेपूट चालत नाही, शब्द आतूनच बदलतो. मी सगळ्यांना 'टे' लावायचे. क्लासच्या टेस्टमध्ये मार खायचे, घरी येऊन कागद फेकायचे.

"काऊन चिडून राह्यली? लहानपनी 'करलं' म्हने तू. मंग 'केलं' शिकली का नाई?"

चार्टमध्ये श्टेर्बनही होतं. मरणे. श्टार्ब. ते मला पक्कं पाठ होतं.

त्या सकाळी तोंडातून निघेना. स्वतःच्या आईला 'मेली' कसं म्हणायचं? मी 'गिंग, गिंग' करत राहिले. शेवटी माझ्या रडण्यावरून त्या बाईला कळलं. तिने मला जवळ घेतलं आणि तो शब्द तीच बोलली.

तिकीट मिळून घरी पोचेपर्यंत तिसरा दिवस. सगळं आटोपलं होतं.

जर्मनीला निघताना कुरखेड्याच्या स्टँडवर मी "जातो, माय" म्हणाले होते. बसच्या खिडकीशी येऊन रागावली.

"जातो नाई म्हनू. येतो म्हन."

"येतो, माय."

शेवटच्या दिवशी तिने विचारलं असेल का, "आली का ते?" भावाला विचारायची हिंमत अजून झालेली नाही.

आले गं माय. उशिरा आले.

भरल्या डोळ्यांनी जय भीम.