आईने पाहिलेले रण

भूगोलाच्या बाईंनी उपग्रहातून घेतलेली कच्छच्या रणाची दोन छायाचित्रे कॉलेजात आणली, तेव्हा मी वळसंगहून आईला मुद्दाम सोलापूरला आणले. माझा थोरला भाऊ फौजेत होता आणि त्या रणातच त्याची नेमणूक होती.

उन्हाळ्यातल्या चित्रात सगळीकडे पांढरेशुभ्र मीठ होते. पावसाळ्यानंतरच्या चित्रात त्याच जागी काळेभोर पाणी पसरले होते.

“ह्यात मानूस दिसत न्हाय व्हय?” आईने विचारले.

“इतक्या उंचावरून नाही दिसत, मावशी,” बाई म्हणाल्या.

आईने पदराला हात पुसला आणि त्या पांढऱ्यावर अलगद बोट टेकवले.

“एवढ्या मोठ्या जागंत ऱ्हातोय,” ती हळूच म्हणाली, “आन् घरी आल्यावर कदी बोलला न्हाय की.”

परतताना एसटीत ती सारा वेळ आभाळाकडे बघत होती.